एकही मॅच न हरलेली टीम, मैदानात पडलेले टेनिस बॉल आणि एक साधा प्रश्न : क्लब नेमका कुणाचा?

१४ एप्रिल २०२४. जर्मनीतल्या लेव्हरकुझेन शहरातलं तीस हजारांचं स्टेडियम खचाखच भरलेलं. समोर वेर्डर ब्रेमेनची टीम. २० वर्षांच्या फ्लोरियन विर्ट्झने मॅच संपता संपता आपला तिसरा गोल मारला, स्कोअर झाला ५-०, आणि लोक थेट मैदानात उतरले. रेफ्रींनी तिथेच मॅच संपवली. १९०४ साली स्थापन झालेला बायर लेव्हरकुझेन हा क्लब पहिल्यांदाच जर्मनीचा चॅम्पियन झाला होता.

याच सीझनमध्ये, दोनच महिने आधी, जर्मनीतल्या मैदानांवर वेगळंच चित्र होतं. मॅच सुरू व्हायची, दहा-बारा मिनिटं स्टेडियममध्ये चिडीचूप शांतता असायची आणि मग प्रेक्षकांतून शेकडो पिवळे टेनिस बॉल मैदानात यायचे. खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, कर्मचारी बॉल गोळा करायचे आणि टीव्हीवाले घड्याळाकडे बघत बसायचे.

पहिली गोष्ट जगभर गाजली. दुसरी आपल्याकडे फारशी कुणी सांगितली नाही. पण भारतातल्या फुटबॉलचं २०२५ मध्ये जे झालं, ते समजून घ्यायचं असेल तर ही दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. आणि ती समजायला धाराशिव जिल्ह्यातल्या ईटच्या माणसाला जर्मन भाषा यायची गरज नाही. सभासद, भागभांडवल आणि सर्वसाधारण सभा हे शब्द माहीत असले की पुरे.

आधी मैदानावर काय झालं, ते बघू

जर्मनीच्या पहिल्या दर्जाच्या लीगला बुंडेसलिगा म्हणतात. १९६३ मध्ये ती सुरू झाली. सध्या तिच्यात १८ टीम असतात, प्रत्येक टीम दुसऱ्या प्रत्येक टीमशी दोनदा खेळते, म्हणजे एका सीझनमध्ये ३४ मॅच. आयपीएलसारखं प्लेऑफ आणि फायनल नसतं. ३४ मॅच संपल्यावर गुणतालिकेत जो वर, तो चॅम्पियन.

२०१३ ते २०२३ अशी सलग ११ वर्षं हा मान बायर्न म्युनिककडेच होता. २०२२-२३ मध्ये ही साखळी तुटायच्या बेतात होती. शेवटच्या दिवशी डॉर्टमुंडला घरच्या मैदानावर माइन्झला हरवायचं होतं, पण मॅच २-२ अशी बरोबरीत सुटली. तिकडे बायर्नच्या जमाल मुसियालाने ८९व्या मिनिटाला गोल मारला. दोन्ही टीमचे गुण सारखेच, ७१. गोलफरकावर बायर्न पुन्हा चॅम्पियन.

त्यामुळे २०२३-२४ सुरू झाला तेव्हा कुणाला वेगळ्या निकालाची आशा नव्हती. त्यात बायर्नने १० कोटी युरोच्या आसपास किंमत मोजून इंग्लंडचा कॅप्टन हॅरी केन आणला. केनने ३६ गोल मारले. तरीही बायर्न तिसऱ्या नंबरवर राहिलं. दुसरा नंबर स्टुटगार्टचा होता.

पहिल्या नंबरवरच्या लेव्हरकुझेनचे आकडे असे : ३४ मॅच, २८ विजय, ६ बरोबरी, पराभव शून्य. गुण ९०. पूर्ण सीझन न हरता चॅम्पियन झालेली ही बुंडेसलिगाच्या इतिहासातली पहिली टीम.

या टीमचे कोच होते स्पेनचे शाबी अलोन्सो. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी काम हातात घेतलं तेव्हा लेव्हरकुझेन १८ टीममध्ये १७व्या नंबरवर होतं. या टीमची एक सवय प्रसिद्ध झाली होती, ती म्हणजे शेवटच्या मिनिटाला वाचण्याची. एप्रिलमध्ये डॉर्टमुंड आणि स्टुटगार्ट, मेमध्ये युरोपा लीगच्या सेमीफायनलमध्ये रोमा, या तिन्ही मॅचमध्ये त्यांनी ९० मिनिटं उलटून गेल्यावर बरोबरीचा गोल मारला. सगळ्या स्पर्धा मिळून ते सलग ५१ मॅच हरले नाहीत. ५२व्या मॅचमध्ये, म्हणजे २२ मे रोजी डब्लिनला झालेल्या युरोपा लीगच्या फायनलमध्ये, इटलीच्या अटलांटाने त्यांना ३-० ने हरवलं. तीन दिवसांनी त्यांनी जर्मन कपही जिंकला.

लेव्हरकुझेनला हे यश का गोड लागलं, त्यालाही कारण आहे. २००२ मध्ये हा क्लब लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही ठिकाणी दुसरा आला होता. तेव्हापासून 'यांना जिंकता येत नाही' ही चेष्टा त्यांच्या मागे लागली होती.

मग टेनिस बॉल कुठून आले?

जर्मनीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनचे मिळून ३६ क्लब आहेत. या दोन्ही लीग चालवणाऱ्या संस्थेचं नाव डीएफएल. टीव्हीचे हक्क विकणं, पैसे वाटणं, वेळापत्रक ठरवणं ही कामं तिची.

इंग्लंडची प्रीमियर लीग टीव्हीच्या हक्कांतून बुंडेसलिगापेक्षा कितीतरी जास्त कमावते. हे अंतर कमी करण्यासाठी डीएफएलने एक योजना आणली. टीव्ही हक्कांसाठी एक वेगळी कंपनी काढायची, तिच्यातला काही वाटा एखाद्या मोठ्या गुंतवणूकदाराला २० वर्षांसाठी द्यायचा आणि त्या बदल्यात रोख रक्कम घ्यायची. मे २०२३ मध्ये यावर पहिल्यांदा मतदान झालं, पण दोन तृतीयांश बहुमत मिळालं नाही. योजना पडली.

डीएफएलने ती आटोपशीर करून पुन्हा आणली. आता ८ टक्क्यांपर्यंतचा वाटा आणि त्या बदल्यात १ अब्ज युरोपर्यंतची रक्कम. ११ डिसेंबर २०२३ ला ३६ क्लबांनी मतदान केलं. दोन तृतीयांश म्हणजे २४ मतं हवी होती. बाजूने बरोबर २४ मतं पडली. विरोधात १०, तटस्थ २.

इथे गोष्ट पेटली. हॅनोव्हर ९६ या क्लबच्या वतीने मत द्यायला गेले होते मार्टिन काइंड. मूळ क्लबने त्यांना विरोधात मत द्यायची सूचना केली होती. पण मतदान गुप्त होतं. जाहीरपणे कोण विरोधात होतं आणि पेटीत काय निघालं, याची बेरीज-वजाबाकी करून फॅन्सनी संशय घेतला की काइंड यांचं मत बाजूने गेलं असावं. काइंड यांनी आपलं मत कधी जाहीर केलं नाही. पण एका मतावर सगळं ठरलेलं असल्यामुळे हा संशय काही मिटला नाही.

मग देशभरातल्या फॅन्सनी आंदोलन सुरू केलं. आधी प्रत्येक मॅचची पहिली १२ मिनिटं घोषणा आणि गाणी बंद. नंतर टेनिस बॉल, सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी. काही ठिकाणी तर रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मैदानात सोडल्या गेल्या. फेब्रुवारीत हर्था बर्लिन आणि हॅम्बुर्ग यांची मॅच अर्ध्या तासाच्या आसपास थांबली.

टेनिस बॉलच का? कारण त्याने कुणाला इजा होत नाही, पण खेळ मात्र थांबतो. आणि खेळ थांबला की थेट प्रक्षेपणाचं वेळापत्रक कोलमडतं. ज्या टीव्हीच्या पैशासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, नेमकं तिथेच बोट ठेवलं गेलं. ही युक्ती जुनीच होती. सोमवारी रात्री मॅच ठेवायला विरोध म्हणून २०१८ मध्येही जर्मनीत टेनिस बॉल पडले होते आणि पुढे सोमवारच्या मॅच बंद झाल्या.

या वेळीही तेच झालं. शर्यतीतल्या ब्लॅकस्टोन कंपनीने आधीच माघार घेतली होती, उरली होती सीव्हीसी. २१ फेब्रुवारी २०२४ ला डीएफएलने जाहीर केलं की ही प्रक्रिया आपण थांबवतोय.

पण प्रेक्षकांना एवढी ताकद आली कुठून?

आपल्याकडे आयपीएलच्या प्रेक्षकांनी असं काही केलं तर पोलीस बाहेर काढतील आणि विषय संपेल. जर्मनीत तसं झालं नाही, कारण तिथला प्रेक्षक बऱ्याचदा क्लबचा सभासद असतो. नुसता ओळखपत्रापुरता सभासद नाही, तर मताचा हक्क असलेला.

यामागे एक नियम आहे : ५०+१. तो समजायला ईटचंच एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा ईटमधल्या पोरांनी एक क्रीडा मंडळ काढलं. धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी केली. वर्गणी भरून ३०० जण सभासद झाले. टीम चांगली खेळायला लागली, जिल्हा सोडून राज्यात नाव झालं. आता प्रवास, कोच, किट, खेळाडूंचं मानधन असा खर्च वाढला. वर्गणीत भागेना. म्हणून मंडळाने टीमपुरती एक कंपनी काढली आणि पुण्यातल्या एका उद्योजकाला सांगितलं, 'साहेब, पैसे घाला.'

साहेबांनी दोन कोटी घातले. आता टीमचं नाव काय ठेवायचं, मॅच ईटला खेळायच्या की पुण्याला, तिकीट किती ठेवायचं, हे कोण ठरवणार?

जर्मन नियम सांगतो की कंपनीत एकूण १०० मतं असतील तर त्यातली किमान ५१ मंडळाकडेच राहिली पाहिजेत. साहेबांनी पैसे कितीही घालावेत, मतांमध्ये त्यांचा वरचष्मा होणार नाही. मंडळ कसं वागेल, हे ३०० सभासद सर्वसाधारण सभेत ठरवतील. तिथे वर्गणी भरणारा शिक्षक आणि खव्याची भट्टी चालवणारा दोघांनाही एकच मत.

१९९८ मध्ये जर्मन क्लबांना टीमसाठी कंपन्या काढायची परवानगी मिळाली, तेव्हाच ही अट घातली गेली. बायर्न म्युनिकचं उदाहरण बघा. आदिदास, ऑडी आणि अलियान्झ या तीन बड्या कंपन्या त्यात भागीदार आहेत, पण प्रत्येकीचा वाटा सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. उरलेला ७५ टक्के वाटा मूळ क्लबचा, म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त सभासदांच्या संस्थेचा.

याचा परिणाम तिकिटाच्या खिडकीवर दिसतो. डॉर्टमुंडच्या स्टेडियममध्ये एका बाजूला सुमारे २५ हजार लोक उभं राहून मॅच बघतात. ही उभं राहायची जागा स्वस्त असते. तिथे खुर्च्या टाकून तिकीट वाढवलं तर जास्त पैसे मिळतील, हे हिशेब करणाऱ्या कुणालाही कळतं. तरी ती जागा टिकून आहे, कारण तिथे उभं राहणारेच सभेत मत देतात.

आता यातली गोची

जो क्लब एकही मॅच न हरता चॅम्पियन झाला, तो लेव्हरकुझेन या नियमाला अपवाद आहे.

बायर ही औषधं आणि रसायनं बनवणारी कंपनी. अ‍ॅस्पिरिन त्यांचंच. या कंपनीच्या कामगारांनी १९०४ मध्ये क्लब काढला आणि आज फुटबॉल टीमची मालकी पूर्णपणे बायरकडे आहे. ज्या कंपनीने क्लबला २० वर्षांहून जास्त काळ सलग मोठा आधार दिला, तिला सूट मिळू शकते, अशी पळवाट नियमात ठेवली होती. फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्गलाही याच वाटेने सूट मिळाली. हॉफेनहाइमला मिळालेली सूट त्यांच्या मालकाने २०२३ मध्ये स्वतःहून परत केली.

आरबी लाइपझिग हे प्रकरण आणखी वेगळं. कागदावर तिथे सभासदांचीच संस्था आहे, पण मताचा हक्क असलेले सभासद मोजकेच, आणि तेही रेड बुल कंपनीच्या जवळचे. म्हणजे नियम पाळला, पण त्याचा आत्मा ठेवला बाजूला.

त्यामुळे २०२३-२४ हा सीझन दोन्ही बाजूंना आपापला पुरावा वाटतो. एक बाजू म्हणते, बघा, बायर्नची मक्तेदारी मोडायला शेवटी कंपनीचीच टीम लागली. दुसरी बाजू म्हणते, बघा, सभासदांच्या ताकदीमुळे टीव्हीच्या पैशाचा वाटा २० वर्षांसाठी बाहेर जाण्यापासून वाचला.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. ५०+१ मुळे स्पर्धा समान होते, असा दावा कुणी करत असेल तर सलग ११ वर्षांची बायर्नची विजेतेपदं त्याच्या विरोधात उभी आहेत. हा नियम जिंकण्याची हमी देत नाही. मालकाला कंटाळा आला म्हणून क्लब बंद पडू नये, गाव सोडून जाऊ नये, एवढीच सोय तो करतो. पण ही सोय किती मोठी आहे, हे आपल्याकडच्या गोष्टीवरून कळतं.

जर्मनीच्या स्पर्धा नियामकानेही यात लक्ष घातलं आहे. जून २०२५ मध्ये त्याने सांगितलं की नियम ठेवायचा असेल तर तो सगळ्यांना सारखा लावा. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्गची कायमची सूट चालणार नाही आणि सभासदत्व सर्वसामान्यांसाठी खुलं असलं पाहिजे. म्हणजे ज्या कंपनीने १२० वर्षं क्लब सांभाळला, तिलाच आता मतांचा ताबा सोडावा लागू शकतो. हे न्याय्य आहे का, यावर तिथे वाद चालू आहे.

त्याच सीझनमध्ये आपल्याकडे काय चाललं होतं?

लेव्हरकुझेन चॅम्पियन झालं, त्यानंतर तीन आठवड्यांनी, ४ मे २०२४ ला, मुंबई सिटी एफसीने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून इंडियन सुपर लीगचा कप जिंकला. २०२०-२१ मध्ये तर त्यांनी लीग शील्ड आणि कप दोन्ही जिंकले होते.

मुंबई सिटीत २०१९ पासून ६५ टक्के वाटा सिटी फुटबॉल ग्रुपचा होता. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचे मालक तेच. पैसा होता, व्यवस्था होती, परदेशी कोच होते. महाराष्ट्राची टीम देशात पहिल्या नंबरवर होती.

मग २०२५ उजाडलं.

इंडियन सुपर लीग चालवण्याचे हक्क रिलायन्सशी संबंधित एफएसडीएल या कंपनीकडे होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी त्यांचा करार २०१० मध्ये १५ वर्षांसाठी झाला होता आणि त्यापोटी महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये मिळत होते. हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. पुढचा करार व्हायचा तर महासंघाच्या घटनेचा खटला सुप्रीम कोर्टात प्रलंबित. ११ जुलै २०२५ ला एफएसडीएलने क्लबांना कळवलं की नवा सीझन स्थगित.

पुढचा क्रम असा. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसी, चेन्नईयिन एफसी अशा क्लबांनी पगार थांबवले. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने महासंघाच्या घटनेला मंजुरी दिली. महासंघाने लीगच्या हक्कांसाठी निविदा काढली. ७ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला आणि वाटा मूळ मालकांकडे परत गेला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की १४ क्लबांची लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल. तीही छोटी, ९१ मॅचची.

१४० कोटींच्या देशातली सर्वोच्च फुटबॉल लीग कित्येक महिने होणार की नाही, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. या काळात मॅच बघायला जाणाऱ्या प्रेक्षकाला कुणी विचारलं? कुणीच नाही. विचारायची जागाच नव्हती. तो ग्राहक आहे, सभासद नाही.

जर्मनीत ३६ क्लबांनी मतदान केलं आणि लोकांनी ते उलटवलं. आपल्याकडे एका कराराची तारीख संपत आली आणि सगळं थांबलं. फरक कुठे आहे, तो इथे.

महाराष्ट्राने हे आधीही बघितलंय

महिंद्रा युनायटेड आठवते का? मुंबईची ही टीम २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगची चॅम्पियन होती. २०१० मध्ये कंपनीने टीम बंद केली. कंपनीच्या दृष्टीने तो एक निर्णय होता, खेळाडूंच्या दृष्टीने रोजगार आणि फॅन्सच्या दृष्टीने इतिहास.

पुण्याचं एफसी पुणे सिटी २०१४ पासून पाच सीझन खेळलं. २०१९ मध्ये ते बंद झालं आणि त्यांची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुण्यातल्या ज्या पोरांनी स्टँडमध्ये ढोल वाजवले होते, त्यांना पर्याय कुणी दिला नाही.

याच महाराष्ट्रात एक उलटं उदाहरण आहे आणि त्यासाठी जर्मनीला जायची गरज नाही. कोल्हापूर. तिथे पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब या टीम शाहू स्टेडियमवर खेळतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग म्हणजे तिथल्या पेठांचा मानापमान. स्टँड भरतो, वाद होतात, कधीकधी हाणामारीही होते. पण एखाद्या कंपनीने हात काढला म्हणून तालीम दुसऱ्या शहरात गेली, असं तिथे होत नाही. तालीम पेठेची असते, ती जाणार कुठे? २०१७ मध्ये १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

अर्थात तालमीच्या टीमला राष्ट्रीय लीगपर्यंत जायचा रस्ता आजही सरळ नाही. पैसा एका बाजूला आहे आणि माणसं दुसऱ्या बाजूला. ५०+१ या दोघांना एका छपराखाली आणायचा प्रयत्न करतो.

कोलकात्यात याची एक झलक दिसली. २०२० मध्ये मोहन बागान आणि एटीके एकत्र आले, ८० टक्के वाटा कंपनीचा आणि २० टक्के जुन्या क्लबचा. 'एटीके' हे नाव काढा म्हणून फॅन्सनी तीन वर्षं धरून ठेवलं. २०२३ मध्ये नाव बदललं. मताचा हक्क नसतानाही त्यांनी एवढं मिळवलं.

मग सभासदांच्या हाती दिलं की झालं?

हा प्रश्न मराठवाड्यातला वाचक विचारणारच, आणि त्याने विचारायलाच हवा. कारण 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व आपल्याला जर्मनीकडून शिकायचं नाही. महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखान्यांत ते कित्येक दशकं आहे. शेअर एक असो की शंभर, मत एकच.

आणि त्याचं पुढे काय झालं, हेही आपण बघितलं. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना हा धाराशिव जिल्ह्याचा मोठा आधार होता. कर्जात अडकला, वर्षानुवर्षं बंद राहिला आणि शेवटी भाडेतत्त्वावर गेला. सभासदांकडे मत होतं, तरी कारखाना वाचला नाही. राज्यात असे अनेक कारखाने विकले गेले किंवा भाड्याने दिले गेले.

म्हणजे मत असणं पुरेसं नाही. मतासोबत आणखी तीन गोष्टी लागतात. हिशेब वेळेवर आणि सगळ्यांसमोर यायला हवा. सभासदत्व खुलं हवं, नाहीतर लाइपझिगसारखं मोजक्या माणसांचं राज्य होतं. आणि तिसरं म्हणजे वरून कुणीतरी तपासणी करायला हवी. जर्मनीत प्रत्येक सीझनआधी क्लबला परवाना घ्यावा लागतो. वर्षभर पगार देता येईल एवढे पैसे दाखवता आले नाहीत तर परवाना अडतो. भावनेच्या भरात खेळाडूंवर वाटेल तसा खर्च करणाऱ्या क्लबला ही कात्री लागते.

आपल्या सहकारात मताचा हक्क होता, पण ही तपासणी अनेक ठिकाणी राजकारणात विरघळली. फुटबॉलमध्ये उद्या सभासदांचे क्लब आले, तर हाच धोका पहिला असेल.

धाराशिवला याचं काय?

फुटबॉल हा काही धाराशिवचा खेळ नाही. इथला खेळ खो-खो. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्यातली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आणि खो-खोतही आता लीग आली आहे. अल्टिमेट खो-खोचा पहिला सीझन ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत झाला. सहा टीम होत्या. फायनलमध्ये ओडिशा जगरनट्सने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं एका गुणाने हरवलं. दुसरा सीझन कटकला झाला, २०२३ च्या डिसेंबर अखेरीपासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत, आणि तो गुजरात जायंट्सने जिंकला.

लीग आल्यामुळे खेळाडूंना पैसा आणि ओळख मिळाली, हे चांगलंच झालं. पण रचना बघा. टीम शहरांच्या आणि राज्यांच्या नावाच्या, मालक कंपन्या किंवा उद्योजक. शाळेच्या मैदानावर, मंडळाच्या चुन्याने आखलेल्या पट्ट्यांमध्ये ज्यांनी खेळाडू घडवले, त्या मंडळांची या टीममध्ये मालकी नाही आणि मतही नाही. पहिले दोन्ही सीझन पुरुषांचे होते. ज्या जिल्ह्याने देशाला महिला संघाची कर्णधार दिली, तिथल्या मुलींसाठी त्या लीगमध्ये जागाच नव्हती.

हे कुणी ठरवलं? ज्यांच्याकडे मत होतं त्यांनी. मंडळांकडे मत असतं तर मुलींचा सीझन कधी, हा प्रश्न पहिल्याच सभेत उठला असता.

पुढे लक्ष कशावर ठेवायचं?

जर्मनीत आता बघण्यासारखं आहे ते लेव्हरकुझेनचं भवितव्य. सूट गेली तर बायरला आपल्या टीमचा ताबा सभासदांकडे द्यावा लागेल किंवा कोर्टात जावं लागेल. ज्यांनी ती न हरलेली टीम घडवली, त्यातले अलोन्सो आणि विर्ट्झ दोघेही २०२५ मध्ये क्लब सोडून गेले. खेळाडू आणि कोच जातातच. क्लब कुणाच्या नावावर राहतो, हा जास्त लांबचा प्रश्न आहे.

भारतात लक्ष ठेवायचं ते लीगच्या पुढच्या करारावर. त्यात क्लबांना किती वाटा, पगाराची हमी कशी, दर्जा टिकवला नाही तर खालच्या लीगमध्ये जायची अट आहे की नाही आणि प्रेक्षकांच्या संघटनांना बसायला एखादी खुर्ची तरी आहे का, हे बघावं लागेल. आजवर ही चर्चा महासंघ, कंपनी, सरकार आणि कोर्ट या चौघांतच झाली आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात? उद्या एखादा उद्योजक गावच्या टीमला पैसे द्यायला आला तर त्याला नाही म्हणायचं कारण नाही. किट लागतं, मॅट लागते, प्रवासाला गाडी लागते. सही करण्याआधी कागदावर फक्त एक आकडा शोधायचा : शंभरातली किती मतं मंडळाकडे राहणार? तो ५१ पेक्षा कमी असेल, तर टीमच्या नावात गावाचं नाव असलं तरी ती गावाची राहील याची खात्री नाही.